तेवीस, आणि मग पंचवीस

आईला होली लँडला, म्हणजे येशूच्या देशाला, न्यायचं हे बाबा होते तेव्हापासूनचं बोलणं. मग बाबा गेले, त्यानंतर दर वर्षी काही ना काही निघायचं आणि राहून जायचं, शेवटी २०१९ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, जमलं. पॅरिशचाच, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचाच, ग्रुप होता, बरोबर फादर. मनातून मला ग्रुपने जायचं नव्हतं. येशू जिथे जन्मला, जिथे त्याला क्रुसावर दिलं तिथे माणसाने एकट्याने जावं, निवांत बसावं, बस सुटेल म्हणून धावत कसली प्रार्थना करायची असं मला वाटायचं. पण आईचे गुडघे, व्हिसा, दोन देशांच्या सीमा, परकी भाषा हे सगळं एकटीला झेपणारं नव्हतं, म्हणून नाव दिलं.

निघायच्या आधी तीन मीटिंग झाल्या. पासपोर्ट, औषधं, चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, चपला नकोत बूटच घाला, तिथले जुने दगड पायाने घासून घासून गुळगुळीत झालेत, घसरायला होतं, हे सगळं सांगून झालं. फादरांनी एक काम दिलं होतं, बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, रोज एक अध्याय असं पूर्ण वाचून यायचं. जायचं असेल त्या प्रत्येकाला मी हे एवढंच सांगते, बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे वाचून जा, कारण तिथे गाईड बोलत असतो, कानातल्या मशीनमधून अर्धं ऐकू येतं, समोर गर्दी असते, आणि वाचलेलं नसेल तर समोर नुसते दगड दिसतात.

शेवटच्या मीटिंगला प्रत्येकाला नंबर मिळाला. बसमध्ये चढलं की एकापासून सुरुवात करून ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा, म्हणजे कोण राहिलं ते लगेच कळतं. मी सोळा, आई सतरा. तेवीस नंबर एका काकांचा, सत्तरी ओलांडलेले, आणि चोवीस काकूंचा. दोघांनी सगळ्यात आधी पैसे भरलेले. काकू जानेवारीत गेल्या. काका येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो पण ते आले, आणि फादर म्हणाले की आपण नंबर परत नव्याने देऊ, तेव्हा काका एवढंच म्हणाले, राहू द्या ना फादर आहेत तसेच. म्हणून बेचाळीस नंबर आणि एक्केचाळीस माणसं. पंचवीस नंबर आजीला घेऊन आलेल्या एका विशीतल्या मुलाचा होता. पहिल्या दिवशी अम्मानच्या विमानतळाबाहेर बसमध्ये बसलो, मोजणी सुरू झाली, बावीस, तेवीस, आणि त्या मुलाने इतक्या घाईने पंचवीस म्हटलं की जणू मधली जागा कोणाच्या लक्षात येऊ नये याची जबाबदारी त्याच्यावरच होती.

जॉर्डनमध्ये आम्ही नबो डोंगरावर गेलो. मोशेने इथून देवाने कबूल केलेला वचनदत्त देश पाहिला आणि तिथे न पोहोचताच तो गेला. हवा स्वच्छ असेल तर समोर यरीहो दिसतं, कधी कधी जेरुसलेमही दिसतं म्हणतात, आम्हाला धुरकट खोरं आणि मृत समुद्राची एक चमकती पट्टी दिसली. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, चल आई, बस. ती म्हणाली, चाळीस वर्षं चालला गं तो माणूस.

इस्रायलच्या सीमेवर तीन तास गेले. सामान मशीनमधून, परत सामान मशीनमधून, मग प्रत्येकाला प्रश्न, कशासाठी आलात, ग्रुपमधल्या कोणाला ओळखता, बॅग स्वतः भरली का. म्हातारी माणसं उभी राहून थकली होती. मग कोणीतरी हळूच रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू केली आणि ती रांगेतून मागे मागे पसरत गेली. विमानात आणि बसमध्ये आम्ही खूप रोझऱ्या म्हटल्या पण मला आठवते ती ही.

गालील आधी आणि जेरुसलेम शेवटी हा क्रम आमच्या फादरांनी आग्रहाने ठेवला होता आणि तो फार बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. येशूच्या आयुष्याचाच तो क्रम आहे. मार्च महिना, टेकड्या हिरव्यागार, मधे मधे लाल रानफुलं. ज्याला गालीलचा समुद्र म्हणतात ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, साधारण २१ किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून जास्त खाली. लाकडी बोटीतून आत नेलं, बोटवाल्यांनी भारताचा झेंडा चढवला, राष्ट्रगीत लावलं, सगळे उभे राहिले, आणि मग मध्यावर इंजिन बंद केलं. लाटा बोटीच्या फळ्यांवर चापट मारल्यासारख्या वाजत होत्या. फादरांनी वादळाचा उतारा वाचला, येशू बोटीत झोपलेला आहे आणि शिष्य त्याला उठवतायत तो. वाचून झाल्यावर त्यांनी प्रवचन केलं नाही, नुसते बसले. पाच मिनिटं असतील. मी ज्या शांततेसाठी एकटीने यायचं म्हणत होते ती एक्केचाळीस माणसांत मिळाली, आणि एकटी असते तर ती बोट कोणी मध्यावर थांबवली नसती हेही खरंच.

कफर्णहूमला येशूचा शिष्य पेत्र याच्या घराचे अवशेष आहेत, काळ्या दगडाच्या बुटक्या भिंती, त्यावर पुढे बांधलेल्या अष्टकोनी चर्चचा पाया, आणि या सगळ्याच्या वर खांबांवर तोललेलं १९९० सालचं नवीन चर्च, ज्याच्या जमिनीत मधोमध काच आहे. त्या काचेतून खाली घर दिसतं. शेजारी सभास्थान, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर, पांढऱ्या दगडाचं, चौथ्या-पाचव्या शतकातलं, पण त्याच्या तळाशी काळ्या दगडाचे जुने थर उघडे दिसतात. ताबघाला, जिथे येशूने पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंना जेवू घातलं असं मानतात, भाकरी आणि माशांचं ते प्रसिद्ध मोझॅक आहे, टोपलीत भाकऱ्या आहेत चारच. गाईड म्हणाला की पाचवी वेदीवर असते म्हणून इथे दाखवलेली नाही, असं इथले लोक मानतात. गाईड स्वतः अरब ख्रिस्ती होता, हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

नाझरेथला जे चर्च आहे ते मोठं आहे, १९६९ साली अभिषेक झालेलं, आणि त्याच्या भिंतींवर देशोदेशीच्या मारियामाता आहेत, जपानची तर किमोनोतली आहे आणि तिच्या बाह्यांना खरे मोती लावलेत. पण आपण जातो ते खालच्या गुहेसाठी, देवदूताने मारियेला निरोप दिला असं मानतात ती जागा. जाळीच्या पलीकडे छोटीशी वेदी आणि तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, शब्द इथे देह झाला. योहानाच्या शुभवर्तमानातलं ते वाक्य आम्ही लहानपणापासून म्हणतोय, पण इथल्या कोरलेल्या ओळीत एक शब्द जास्तीचा आहे, हिक, म्हणजे इथे. फादरांनी तो शब्द आम्हाला बोटाने दाखवला. त्या एका शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं जे कुठेतरी घडलं होतं ते एकदम या चार भिंतींत येऊन उभं राहिलं.

कानाला गेलो तो दिवस मला आजही स्पष्ट आठवतो. पाण्याचा द्राक्षारस केला ते लग्नाचं गाव. तिथे नवराबायको आपली वचनं परत घेतात, आमच्यात अकरा जोडपी होती, सगळी पुढे जाऊन हातात हात घालून उभी राहिली, बायका नटल्या होत्या, एकाने तर कोट आणला होता खास. बाकीचे आम्ही बाकांवर. काका अगदी मागच्या बाकावर एकटे बसले होते, मान खाली, हातात टोपी. आई माझ्या शेजारून उठली, गुडघ्यावर हात ठेवत मागे गेली आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसली. बोलली काही नाही. वचनं म्हणून झाली, टाळ्या झाल्या, आणि मी वळून पाहिलं तर दोघं समोर वेदीकडे बघत होते.

त्यानंतर यार्देन खोऱ्यातून खाली. येशूच्या बाप्तिस्म्याची जागा म्हणजे मोठी नदी असेल अशी माझी कल्पना, पण तिथे यार्देन काही मीटर रुंद, मातकट पाण्याची, पलीकडच्या काठावर जॉर्डनमधले यात्रेकरू इतके जवळ की त्यांचं गाणं आम्हाला ऐकू येत होतं आणि आमचं त्यांना. दोन्ही काठांवर बंदुका घेतलेले सैनिक. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारा आणि सुरुंगांच्या इशाऱ्याचे बोर्ड. बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण आम्ही तिथे उभ्या उभ्या केलं, फादरांनी ओंजळीने पाणी शिंपडलं. मृत समुद्राला मात्र दीड तास दिला तो मला जास्त वाटला, लोक तरंगले, फोटो झाले, ठीक आहे, पण तो वेळ पुढे कमी पडला.

आणि तो कमी पडला बेथलेहेमला, याचं वाईट वाटतं. ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्तींच्या एका दुकानात आम्हाला तासभर बसवलं, चहा दिला, आणि मेंढपाळांच्या रानात उरली वीस मिनिटं. ज्यांना देवदूताने सगळ्यात पहिली बातमी सांगितली त्यांच्या रानात वीस मिनिटं. बेथलेहेमच्या ख्रिस्ती कुटुंबांचं पोट या लाकडावर चालतं हे मला माहीत आहे, आणि घ्यावं त्यांच्याकडून, मीही घेतलं, पण ते दिवस संपल्यावर करता येतं. जी माणसं आयुष्यात एकदाच येणार आहेत त्यांचा वेळ असा जाऊ नये. मी हे संध्याकाळी टूर लीडरला सांगितलं आणि पुढच्या दिवशीचं एक दुकान कमी झालं, तेव्हा सांगत जा, गप्प बसू नका.

जन्माच्या चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच आहे. कोणी घोड्यावरून आत घुसू नये म्हणून ते बुजवून लहान केलं असं सांगतात, आता वाकल्याशिवाय कोणालाच आत जाता येत नाही. आतले खांब सहाव्या शतकातले. गुहेत उतरायला दीड तास रांग, आणि खाली वेदीखाली संगमरवरात चौदा टोकांचा चांदीचा तारा, त्याच्यावरही तोच शब्द, इथे कुमारी मारियेपासून येशू ख्रिस्त जन्मला. आईला खाली वाकता येत नव्हतं. मागे माणसं खोळंबलेली, मी तिला म्हटलं राहू दे, नुसता नमस्कार कर. पंचवीस नंबरचा मुलगा रांगेत मागे होता, तो पुढे आला, एका बाजूने त्याने धरलं, एका बाजूने मी, आणि आम्ही तिला हळूहळू गुडघ्यावर बसवलं. तिने ताऱ्यावर दोन्ही हात ठेवले. तारा मधे गोल उघडा आहे, तिथे खालचा दगड लागतो हाताला. ती उठली तेव्हा मला म्हणाली, गार आहे गं आत.

जेरुसलेमला पहिल्या दिवशी जैतुनाचा डोंगर. प्रभूने शिकवलेली प्रार्थना जिथे शंभराहून जास्त भाषांत फरशांवर लिहिलेली आहे त्या चर्चमध्ये आम्ही ती मराठीत मोठ्याने म्हटली, आणि शेजारी कुठल्यातरी दुसऱ्या देशाचा ग्रुप होता, आमचं होईपर्यंत ते थांबले, मग त्यांनी त्यांच्या भाषेत म्हटली, आम्ही थांबलो. मग गेथशेमाने, पकडून नेण्याआधी येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा, ती आठ जुनी झाडं बघितली की पटतं, खोडं अशी पिळवटलेली. चर्चमध्ये जांभळट काचांमुळे दिवसासुद्धा संध्याकाळ असते आणि वेदीपुढे उघडा खडक आहे. आम्ही तिथे गाणं म्हटलं नाही, कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी सुरूच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला क्रूसाची वाट, येशू क्रूस घेऊन गेला त्या गल्लीतून चौदा स्थानांवर थांबत, प्रार्थना करत चालायचं. एवढ्या पहाटे का, तर नंतर ती गल्ली बाजाराची होते, धक्काबुक्की होते. दुकानांची शटरं खाली, दिव्यांचा पिवळा उजेड, पाव भाजल्याचा वास, कुठे मांजर, कुठे गल्ली झाडणारा माणूस. लाकडी क्रूस आम्ही आळीपाळीने खांद्यावर घेत होतो. तो फार जड नसतो, पण लांब असतो, त्याचं मागचं टोक पायऱ्यांवर आदळतं आणि तो धक्का खांद्याला बसतो. पाचव्या स्थानाला, जिथे शिमोन कुरेनेकराने येशूचा क्रूस वाहिला, तिथे गल्ली वळून चढाला लागते, आणि दाराच्या उजव्या हाताला भिंतीत एक दगड आहे, तळव्याएवढा खळगा पडलेला, येशूने इथे हात टेकला असं मानतात. इतक्या हातांनी तो गुळगुळीत झालाय की काचेवर हात ठेवल्यासारखं वाटतं. फादरांनी इथून क्रूस काकांना दिला. काकांनी घेतला पण दोन पायऱ्यांतच ते थांबले, श्वास लागला. मी मागून टोक उचललं. आम्ही असे सहाव्या स्थानापर्यंत गेलो, मला त्यांची फक्त पाठ आणि मानेवरचे पांढरे केस दिसत होते, आणि त्यांच्या पावलाने चालावं लागत होतं, एक पायरी, थांबायचं, एक पायरी. इतके दिवस या हळू चालणाऱ्यांमुळे मी मनातून चिडचिड करत आले होते. त्या गल्लीत मला दुसरीकडे कुठे पोचायचंच नव्हतं.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या चर्चच्या आत आहेत. या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथांचा वाटा आहे, कोणती वेदी कोणाची, कोणती वेळ कोणाची हे ऑटोमन काळापासून ठरलेलं आहे, आणि दाराची किल्ली पिढ्यानपिढ्या दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. फ्रान्सिस्कन संन्याशांकडून आधी बुकिंग करून आम्हाला कालवारीवरच्या, म्हणजे क्रूस उभा केला त्या टेकडीवरच्या, वेदीची वेळ मिळाली होती, अर्धा तास. मिस्सेत, म्हणजे वेदीवरच्या उपासनेत, एकमेकांना शांती द्यायच्या वेळी सगळे रडत होते, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या ग्रीक वेदीखाली भोक आहे, त्यात हात घातला की कालवारीचा खडक लागतो.

मग कबर. तासभर रांग. आधी एक छोटी खोली, मग वाकून जायचं दार, आत संगमरवरी शिळा, तीनचार माणसं गुडघे टेकतील एवढीच जागा. मी कित्येक दिवस ठरवलं होतं की इथे काय मागायचं, कोणाकोणासाठी, नावं पाठ केली होती. शिळेवर कपाळ टेकलं आणि एकही नाव आठवेना. बाहेरून दार ठोठावल्याचा आवाज आला, चला, पुढचे. अर्धा मिनिट असेल. बाहेर आल्यावर मला इतकं रितं वाटलं की मी एका खांबाला टेकून उभी राहिले. फादर जवळ आले, मी त्यांना सांगितलं, फादर, मला काहीच जाणवलं नाही. त्यांनी शुभवर्तमान उघडून माझ्या हातात दिलं, लूकचा चोविसावा अध्याय, कबरीत गेलेल्या बायकांना देवदूत म्हणतात, तो येथे नाही, तर उठला आहे. नाझरेथला इथे, बेथलेहेमला इथे, आणि ज्या जागेसाठी जगभरातून माणसं येतात त्या जागेबद्दल लिहिलंय येथे नाही. मी ते तीनचार वेळा वाचलं. मग मला नावं आठवायला लागली, एकेक करून, आणि मी ती तिथे खांबापाशीच म्हटली.

तटाबाहेर बसमध्ये येऊन मोजणी झाली. बावीस. मग काहीच नाही. पंचवीस, मुलगा म्हणाला, आणि लगेच उठून मागे बघायला लागला. तेवीस नव्हते. उन्ह चढलं होतं, सगळे पहाटे चारचे उठलेले, एकदोघं पुटपुटले की प्रत्येकाने आपली काळजी घ्यायला नको का. गाईड, तो मुलगा आणि मी परत आत धावलो, आता गल्ल्या भरलेल्या, दुकानं उघडलेली. काका चर्चच्या दारातून शिरल्यावर समोरच जी लांब शिळा आहे तिच्यापाशी होते, क्रुसावरून उतरवल्यावर येशूच्या शरीराला सुगंधी तेल लावलं ती जागा. लोक तिथे तेल ओततात, रोझऱ्या ठेवतात, शिळेला कायम वास येत असतो. काका गुडघ्यावर बसले होते आणि काकूंचा चर्चला डोक्यावर घ्यायचा पांढरा जाळीचा स्कार्फ शिळेवर पसरून तळहाताने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत होते, जसं आपण उशीचा अभ्रा सारखा करतो तसं. कोपरा दुमडला तर परत सरळ करत होते. आम्ही तिघं मागे उभे राहिलो. गाईडने घड्याळ पाहिलं नाही. काकांनी स्कार्फची घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, उठायला हात पुढे केला, मुलाने तो धरला. काका म्हणाले, खूप उशीर झाला का रे, मला दोन मिनिटं वाटली.

बसमध्ये ते सगळ्यांची माफी मागत होते. पुटपुटलेल्यांपैकी एका बाईंनी उठून त्यांना खिडकीची सीट दिली.

परतीच्या दिवशी पहाटे बेथलेहेमच्या हॉटेलबाहेर बसमध्ये शेवटची मोजणी झाली. बाहेर अजून अंधार होता, ड्रायव्हर बॅगा लावत होता, आईने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि झोपेतच सतरा म्हणाली. वीस, एकवीस, बावीस. तेवीस, काका म्हणाले. मुलगा थांबला. आजी त्याच्याकडे बघत होती, तो सीटच्या दांड्याला धरून उभा होता आणि त्याला घाई नव्हती, कोणालाच नव्हती. मग तो म्हणाला, पंचवीस.